पासंग

१

माझं वजन सत्तर शेर. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बायका वजन चोरतात असं नंतर कुणी म्हणायला नको. जेवण सोडलं तरी सत्तर, दुप्पट हाणलं तरी सत्तर. चाळिशीच्या आधी सत्तर आणि चाळिशी उलटून चार वर्षं झाली तरी सत्तरच. माझ्या आयुष्यात एवढी खात्रीची दुसरी गोष्ट नव्हती. नवरासुद्धा नव्हता. तो दोन दिवसांच्या तापात गेला. वजन मात्र राहिलं.

याच गुणावर मला बेटावरच्या दवाखान्यात काम मिळालं.

माझ्या धाकट्या बहिणीला क्षय झाला होता. लहानपणी एका जागी पाय ठरायचा नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणायचो, तेच नाव राहिलं. तिशी ओलांडलेली, एका मुलीची आई, आणि वजन चव्वेचाळीस शेर. नदीतल्या बेटावर एक मोठे वैद्य होते, ते धातूचं औषध देऊन क्षय बरा करतात अशी ख्याती होती. पण सोबत नातेवाईक चालत नसत. मग मीच विचारलं, काही काम असेल तर सांगा, वडिलांच्या औषधांच्या दुकानात लहानपणापासून खल घोटलाय.

वैद्य हसले. बुटके, गोरेपान, मऊ आवाजाचे. कधी कुणावर आवाज चढवलेला मी ऐकला नाही.

"वजन किती?" त्यांनी विचारलं.

"बाईमाणसाला असं विचारतात का?"

"इथं विचारतात."

मी सांगितलं. दहा वर्षं हलत नाही हेही सांगितलं, जरा फुशारकीनंच.

"मग तुम्हीच हव्यात," वैद्य म्हणाले.

२

काम सोपं होतं. खालच्या मजल्यावर वैद्यांची भट्टी. तिच्यातून रोज पहाटे राखाडी भुकटी निघायची. ती मी मधात घोटायची, दोन बोटांत चोळून कण लागेनासा होईपर्यंत. मग वर माडीवर सहा रुग्णांना प्रत्येकी एक चमचा. एक नियम होता: घोटणारीनं आधी स्वतः घ्यायचं. प्रत्येक रुग्णासमोर, त्याच्या डोळ्यांदेखत. म्हणजे त्याला भरवसा वाटतो. जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव लागायची, आणि नंतर बराच वेळ दात थंड.

औषधाच्या आधी वजन. माडीच्या मधोमध तुळईला एक भला मोठा तराजू टांगलेला. एका बाजूला खुर्ची, दुसऱ्या बाजूला पारडं. खुर्चीत माणूस बसवायचं, पारड्यात वजनं टाकायची. पण लाकडी दांडी. थंडीत एक वागते, उन्हात एक. म्हणून रोज सकाळी आधी मी खुर्चीत बसायचं, पारड्यात सत्तर शेर ठेवायचे आणि काटा सरळ येतो का बघायचं. नाही आला तर पासंग. म्हणजे पारडं हलकं पडत असेल तर त्याच्याखाली टांगलेल्या बादलीत थोडे शिशाचे छर्रे टाकून ते जुळवून घ्यायचं. मग सत्तर शेर काढायचे, बादली तशीच ठेवायची, आणि रुग्णांना बोलवायचं.

पासंग कुणी मोजत नाही. कुठल्याच दुकानात मोजत नाहीत. काटा सरळ आला की झालं.

"क्षय म्हणजे काय?" वैद्य नव्या माणसाला सांगायचे. "झीज. माणूस रोज थोडा थोडा कमी होतो. सोनं होतं का कमी? नाही. सोन्याला जे जमतं ते माणसाला शिकवायचं, बस्स. पन्नास शेर भरलात की होडी बोलावतो. त्याआधी नाही."

भिंगरीला सहाच शेर हवे होते.

"सहा शेर म्हणजे काय गं ताई," ती म्हणाली, "तुझ्याकडनं उसने घेते. तुला कळणार पण नाही."

३

पहिल्या आठवड्यात माझ्याकडची बाजू जराशी खाली जायला लागली. मी पळीभर छर्रे टाकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पळीभर. हवा दमट होती, दांडी वाकत असणार. नदीकाठचं लाकूड आणि चाळिशीतली बाई, दोघांच्या कुरबुरी सारख्याच. मी मनावर घेतलं नाही.

भिंगरी मात्र चव्वेचाळीसची बेचाळीस झाली. मग चाळीस. महिन्यानं छत्तीस.

आणि इथंच काहीतरी चुकत होतं, कारण ती सुधारत होती. खोकला थांबला होता. गालांवर मांस धरलं होतं. जेवताना माझ्या ताटातलं उचलायची. पण काट्यावर बसली की काटा सांगायचा, ही बाई विरतेय.

बाकीचे पाचही तसेच. तोंडावर तुकतुकी आणि वहीत घसरण. वैद्यांनी वही बघितली, मान हलवली आणि मात्रा दुप्पट केली.

"डोळ्यांवर जाऊ नका," ते मला म्हणाले. "डोळे लाडके असतात. काट्याला कुणी लाडकं नसतं."

मला पटलं. मी शपथेवर सांगते, मला पटलं. मी बहिणीच्या गुबगुबीत गालांकडे बघायची आणि मनात म्हणायची, ही सूज आहे. ती गाणं म्हणायला लागली की म्हणायची, हा तापाचा भर आहे.

त्यात घरही माझ्या जिवावर उठलेलं. माडीच्या जिन्याची चौथी पायरी माझ्या पायाखाली मोडली. माझी खाट दोनदा बसली, तेव्हापासून मी जमिनीवरच निजायची. चपलांचे अंगठे तर पंधरा दिवसांत तीनदा तुटले. मी माडीवरून चालले की खिडक्यांची तावदानं थरथरायची.

"आल्या," शेवटच्या खाटेवरचे मास्तर म्हणायचे. सेवानिवृत्त शाळामास्तर, जीभ शाबूत. "भूकंप आला. घ्या रे चमचे."

"मास्तर, तुम्ही छत्तीसचे चौतीस झालात. तोंड तेवढं वाढलंय."

"बाई, एक शंका. आम्हाला काटा तोलतो. काट्याला कोण तोलतं?"

"मी."

"आणि तुम्हाला?"

"मला कशाला तोलायला हवं? मी सत्तर शेर आहे."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी चमचा घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.

४

अडीच महिने झाले त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे काटा जुळवला. सत्तर शेर काढले. बादलीच्या भारानं पारडं खाली आणि खुर्ची वर हवेत, ते अलीकडे रोजचंच होतं. भिंगरी स्टुलावर चढून खुर्चीत बसली.

खुर्ची खाली आलीच नाही.

पारड्यात काही नव्हतं. एकसुद्धा वजन नाही. आणि माझी बहीण हवेत खुर्चीवर बसून होती. पाय लोंबकळत होते.

"अगंबाई!" ती हसायला लागली. "ताई, झोका दे की."

मी खुर्चीला हात लावला. ती हलकेच झुलली. भिंगरी लहान पोरीसारखी खिदळली, तिच्या हसण्यानं साखळ्या किणकिणल्या, आणि माझी पाचावर धारण बसली. वहीत काय लिहायचं? मी शून्य लिहिलं. माझ्या अक्षरात, तिच्या नावापुढं.

वैद्यांना वही खाली पाठवली. ते माडीवर कधी येत नसत. निरोप आला: तिप्पट.

त्या दुपारी सगळे निजले होते. मी भिंगरीच्या खाटेशी बसून राहिले. माणूस गेलं की हलकं होतं म्हणतात. पण ही गेलेली नव्हती. घोरत होती. हिच्यात काय उरलंय? काही नसलेलं माणूस घोरतं का? मी उठून आधी खिडक्या लावल्या. वारा होता. हसायचं तर हसा, पण माझ्या मनात खरोखर आलं, वाऱ्यानं ही उडाली तर.

मग मी तिच्या पाठीखाली हात सरकवला. ऊब होती. पाठीचा कणा लागला, श्वासाबरोबर वर-खाली होत होता. मी उचलून बघितलं आणि ती सहज उचलली गेली. अगदी सहज. उशी उचलावी तशी, एका हातावर.

मी तिला खाली ठेवलं.

तिनं एक डोळा उघडला. "काय करतेस गं?"

"गादी सारखी करतेय."

"अशी का बघतेस माझ्याकडे? मी मेल्यासारखी?"

"तुझं आपलं काहीतरीच."

"ताई," ती म्हणाली, "मला घरी जायचंय. मला बरं वाटतंय. तुला का कळत नाहीये?"

मी म्हटलं, काटा म्हणेल तेव्हा.

५

त्यानंतर पंधरा दिवस तिला रोज तीन चमचे. बाकीच्यांनाही. काटा मी रोज जुळवत होते, दोन पळ्या, मग चार; मग बादलीत मावेना, तेव्हापासून काटा सरळच आहे असं धरून चालायची. रुग्णांपैकी कुणाच्याच वजनानं खुर्ची खाली येत नव्हती. सहाही जण ओळीनं हवेत बसून उतरायचे आणि मी ओळीनं शून्य लिहायची. असं काम कधी केलंय? नोंद तीच, रोज तीच, आणि हात थांबत नाही.

एकदा दुपारी भिंगरी माझे केस विंचरत होती. तिला कंटाळा आला की ती माझ्या केसांवर यायची. खोलीत ऊन होतं, सगळं शांत.

टिक.

"काय पडलं?" मी विचारलं.

"काही नाही. केस."

"काहीतरी वाजलं."

"केस पडला गं. तुझा. पांढरा झालाय, दाखवू?"

तिनं पुन्हा फणी फिरवली. टिक. टिक. फळीवर टाचण्या पडाव्यात तसं. मी खाली बघितलं. तीन केस पडले होते. मी एक उचलला. बोटांत धरला तेव्हा तो वाकला नाही, खाली ओढल्यासारखा सरळ लोंबला. मग मी हात वर करून तिच्या वेणीतला एक केस उपटला.

"आई गं! वेडी झालीस का?"

तो मी सोडला. तो तरंगत, गिरक्या घेत, आवाज न करता जाऊन पडला.

माणूस किती हुशारीनं स्वतःला टाळतं बघा. तरी मला पहिल्यांदा वाटलं, फणीत काहीतरी आहे. मग वाटलं, फळी पोकळ आहे. मग मास्तरांचा प्रश्न आठवला. समोरच्या खाटेवर ते जागेच होते आणि माझ्याकडे बघत होते. आणि मी हिशेब केला, जो कुठलीही शेंबडी पोर करेल. प्रत्येक रुग्णासमोर एक चमचा. रुग्ण सहा. मग दुप्पट. मग तिप्पट. या माडीवर सगळ्यात जास्त औषध कुणी घेतलं होतं?

"भिंगरे," मी म्हटलं, "ती बादली काढ पारड्याखालची."

तिला ती उचलेना. मी काढली. मला काही जड वाटलं नाही. रिकामी आहे की काय असं वाटलं म्हणून आत वाकून बघितलं. काठोकाठ शिसं.

आधी मी भिंगरीला बसवलं. खुर्ची थाडकन खाली आली. पारड्यात चाळीस शेर, पन्नास, त्रेपन्न. काटा सरळ.

त्रेपन्न. पन्नासाच्या वर. कधीची, कोण जाणे. तिला मी इथं अडकवून ठेवलं होतं, माझ्या हातानं, पळीपळीनं.

"आता तू," ती म्हणाली. आवाजात हसू होतं अजून.

मी बसले. तिनं सत्तर शेर टाकले. मग शंभर. मग होती नव्हती ती सगळी वजनं. मग ती आणि मास्तर मिळून बादली फरफटत घेऊन आले, ती टांगली. मग खल. मग बत्ता. मग भिंगरी स्वतः पारड्यात जाऊन उभी राहिली.

मी जमिनीवरून हलले नाही.

ती पारड्यात साखळी धरून उभी होती. हसत नव्हती आता.

६

वैद्य भट्टीपाशी दगडी ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं. चूक माझी, पासंगाची, रुग्णांना काही झालेलं नाही, ते बरे आहेत, त्यांना सोडा.

त्यांनी मला उभं राहायला सांगितलं. मग एका पायावर. माझ्या पायाखालची फरशी कुरकुरली तसे त्यांचे डोळे भरून आले. खरंच भरून आले. मला फार लाज वाटली, का कोण जाणे.

"तुम्हाला गुण आला," ते म्हणाले.

"मी आजारी नव्हते."

"झीज कुणाला नसते, बाई? एवढी वर्षं मी चमचा-चमचा देत बसलो. भीत होतो. आणि तुम्ही एकट्या, न बोलता, अठरा अठरा चमचे! रुग्ण तुमच्या पासंगालाही पुरणार नाहीत." त्यांनी डोळे पुसले. "आता मात्रा कळली. उद्यापासून सगळ्यांना तेवढी."

"माझी बहीण आज घरी जाईल. ती त्रेपन्न शेर आहे."

त्यांनी वही उघडून माझ्यासमोर धरली. "वहीत ती शून्य आहे. अक्षर तुमचंच ना? शून्य वजनाचं माणूस मी तिच्या नवऱ्याच्या हवाली कसं करू?"

"मी खोडते."

"वही खोडत नाहीत." अगदी मायेनं म्हणाले. "आणि तुम्ही कुठं निघालात? तुम्ही बसा. तुम्हाला आता कुठं जायची घाई नाही."

मी वळले. मागे ते उठले असावेत. कारण ओट्याचा दगड असा काही करकरला, जसा भिंतीतून मोठं झाड ओढून काढावं. मी मागं बघितलं नाही. एका डोळ्याच्या कोपऱ्यातून ओट्यावरचा खळगा तेवढा दिसला. खोल, गुळगुळीत. बऱ्याच वर्षांचा.

मी पळाले नाही. मला पळता येत नव्हतं. पाय उचलायला जड लागत नव्हते, पण प्रत्येक पाऊल टाकलं की घर ऐकायचं.

७

होडीवाला दुपारी भाजी घेऊन येतो. धक्क्याला दगडी पायऱ्या आहेत, शेवटच्या पायरीखाली गाळ. मी भिंगरीला हाताला धरून खाली आणलं.

"परवानगी?" होडीवाल्यानं विचारलं.

"मी औषधवाली. मीच परवानगी."

"बरं, बसा. दोघी जणी ना?"

भिंगरी बसली. होडी चार बोटं खाली गेली. मग मी काठावरून एक पाय आत ठेवला. नुसता ठेवला, भार घातलाच नव्हता. होडीचं नाक वर झालं आणि मागून पाणी आत आलं.

"पाय काढा!" होडीवाला ओरडला. "बाई, पाय काढा आधी!"

मी काढला. होडी डोलत राहिली. त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. तीस वर्षं माणसं वाहणारा माणूस, डोळ्यांनी वजन सांगणारा. मला बघून त्याला काहीच सांगता येईना.

"मी दुसऱ्या फेरीला येते," मी म्हटलं.

"मग मीही दुसऱ्या फेरीला," भिंगरी उठायला लागली.

"बस खाली!" लहानपणी ओरडायची तशी मी ओरडले. "पोर तिकडे दारात उभी असेल रोज. आणि तू इथं मानपान कर. माझे कपडे गोळा करायचेत, हिशोब द्यायचाय, मास्तरांना आणि बाकीच्यांना सांगायचंय. तू पुढं हो."

"नक्की येशील?"

"मी कधी कुठं जायची राहिलेय का? माझं पाऊल पुढंच असतं."

"ते आहे," ती म्हणाली आणि नाक पुसलं.

होडी गाळात थोडी रुतली होती. मी शेवटच्या पायरीवरून खाली उतरले, दोन्ही हात लावले आणि ढकलली. एका हिसक्यात ती प्रवाहात गेली. होडीवाला दचकून खाली बसला. मी वळून पायरीवर चढायला गेले.

पाय आला नाही.

दुसऱ्या पायावर जोर दिला तसा तो गुडघ्यापर्यंत गेला. गाळ थंडगार होता, मऊ. मी पायरीकडे हात टाकला. चार बोटांचं अंतर राहिलं. मग सहा बोटांचं.

नदी अशी रुंद नाही. हाक पोचते. मी एक हाक मारली असती तर ती दोघं मागे फिरली असती. भिंगरी उडी मारून आली असती, माझा हात धरला असता तिनं, सोडला नसता. तिला मी ओळखते.

मी हात हलवला. तीही हलवत होती. होडी मधोमध पोचली, मग पलीकडे लागली. ती उतरली, पायानं, स्वतःच्या. वाळूत उभी राहिली आणि कपाळावर हात धरून माझ्याकडे बघायला लागली. माझ्या कमरेला गार लागलं.

"ताई!" तिची हाक आली. "बसलीस का गं?"

मागे पायऱ्यांवर कुणीतरी हळूहळू उतरत होतं. एकेक पायरी, मध्ये थांबत, आणि प्रत्येक पावलाला दगड करकरत होता.

"हो गं!" मी ओरडले. "पाय दुखले. बसले जरा. तू हो पुढं."